माणशी एक करटी

आमच्या डिचोलीच्या घरात तांदूळ मापायला वाटी नाही, पेला नाही. करटी आहे. नारळाची, काठ घासून गुळगुळीत केलेली, हात लागून लागून काळी झालेली. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हाही ती डब्यात होती म्हणतात. गणपतीच्या चवथीला सगळी मंडळी जमली की माझी मोठी जाऊ तांदळाच्या डब्यापाशी उभी राहते, ओटीवरची माणसं मनात मोजते आणि माप टाकते. माणशी एक करटी, पोरांना अर्धी.

दोन वर्षांपूर्वी चवथीच्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "वहिनी, माझी करटी धरू नका."

त्यांचा हात डब्यात तसाच राहिला. "बरं नाही का गो?"

"बरी आहे. भात सोडलाय."

गोव्यात जेवणाला दुसरा शब्दच शितकडी आहे. भात सुटला असं आमच्याकडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल बोलतात. वहिनी काही बोलल्या नाहीत. डब्याचं झाकण लावलं आणि खतखत्याच्या भाजीकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी पंचमी. नवी कणसं देवापुढे ठेवायचा दिवस. त्याही दिवशी मी पानात नुसती भाजी घेऊन बसले, आणि शेजारच्या पानांतून उकड्या भाताची वाफ येत होती.

मी तेव्हा कीटोवर होते, म्हणजे पिष्टमय पदार्थ जवळपास बंद. मार्चमध्ये सुरू केलं होतं. वय शेहेचाळीस, वजन ७८.४ किलो, फोंड्याच्या शाळेत दिवसातून चार वेळा दोन मजले चढायचे आणि चौथ्या वेळी गुडघा धरायचा. पैसे भरून एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेले. तिथे रोज सकाळी तक्ता यायचा. तक्ता बनवणाऱ्यांनी गोवा पाहिलेला नसावा, पण आमच्या स्वयंपाकाशी तो निम्मा जुळत होता. खोबरं चालत होतं, मासे चालत होते, तेल चालत होतं. चालत नव्हता तो भात, पाव, पोळी, डाळ, केळं, आंबा. मे महिन्यात घरात मानकुराद पिकत पडलेले असताना मी त्यांच्या वासातून काकडी चिरत असे. बांगड्याचं हुमण मी वाटीतून चमच्याने खाल्लं, सूप प्यावं तसं. ज्याने हुमण खाल्लं आहे त्याला ठाऊक आहे की ते भातासाठीच असतं. तिरफळाचा तो झणका एकट्याने जिभेवर सोसत नाही, त्याला खाली मऊ काहीतरी लागतं.

पण पहिल्या आठवड्यात काटा ३.१ किलोंनी खाली आला. तो आनंद मी आज नाकारणार नाही. मी काट्यावरून उतरले, पुन्हा चढले, नवऱ्याला उठवून दाखवलं.

तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, की त्यातलं बरंचसं पाणी होतं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा ठेवतं, ग्लायकोजेन नावाचा, साधारण अर्धा किलो. त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून असतो. भात-पोळी बंद झाली की हा साठा दोन-चार दिवसांत संपतो आणि त्याचं पाणी लघवीवाटे निघून जातं. म्हणून तर कीटो असो, सात दिवसांचं जीएम डाएट असो की नुसतं कोबीचं सूप असो, पहिला आठवडा सगळ्यांचाच चमत्काराचा जातो. आणि ज्या दिवशी पहिली पोळी पोटात जाते त्या दिवसापासून ते पाणी परत यायला लागतं.

पाण्यानंतर मात्र चरबीही उतरली. चवथीपर्यंत ६९.२. साडेपाच महिन्यांत नऊ किलोंहून जास्त. गुडघा दुखायचा थांबला. जुने ब्लाऊज आतून शिवून घ्यावे लागले. शाळेत, बाजारात, देवळात लोक थांबवून विचारत, काय केलंस गो? या डाएटना लोक फसतात असं म्हणून जे हसतात, त्यांना मला हेच सांगायचं असतं. लोक मूर्ख नसतात. त्यांनी काटा खाली जाताना पाहिलेला असतो, आणि तो खरंच खाली गेलेला असतो.

मग दिवाळी आली. नरकासुर जाळून पहाटे माणसं घरी येतात, अंगणात कारीट फोडतात, उटणं लावून आंघोळ, आणि मग पोहे. दुधातले, ताकातले, गुळ-खोबऱ्यातले, बटाट्याचे, फोडणीचे. शेजारी येतात, आपण शेजारी जातो, प्रत्येक घरी चमचा-चमचा चाखायचं. वर्षातून एकदाच. मी पहिल्या घरी नाही म्हटलं, दुसऱ्या घरी नाही म्हटलं. तिसऱ्या घरच्या आजींनी गुळाचे पोहे माझ्या तळहातावरच ठेवले, प्रसाद देतात तसे. मी खाल्ले. त्या दिवशी मी पाचही प्रकारचे पोहे खाल्ले, आणि रात्री स्वतःवर इतकी चिडले की जेवले नाही.

पुढच्या मेपर्यंत वजन ८०.६ झालं. जिथून निघाले होते त्याच्याही वर.

त्या सहा-सात महिन्यांतली भूक मला नीट आठवते. ती आधीची भूक नव्हती. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंय-पोंय आवाज लांबून, वळणापलीकडून ऐकू आला की मी हातातलं पेपर तपासणं टाकून उठत असे. जेवून उठले तरी तासाभरात डबे उघडून बघत असे. मला वाटायचं, माझा निग्रहच कमी. मुलांना वर्गात शिस्त शिकवते आणि स्वतःला एक उंडा पाव सोडवत नाही.

या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहिते आहे म्हटलं तरी चालेल. ती भूक माझ्या स्वभावात नव्हती. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये ५० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या लोकांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला, सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. मग वर्षभराने त्यांच्या रक्तातली भुकेची आणि तृप्तीची संप्रेरकं पुन्हा मोजली. वर्ष उलटूनही ती पूर्वपदावर आली नव्हती. भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं, तृप्ती सांगणारं लेप्टिन उतरलेलं, आणि माणसांना खरोखरच आधीपेक्षा जास्त भूक लागत होती. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची जी स्पर्धा गाजली, तिच्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तो अहवाल २०१६ चा. एकीचा किंवा एकाचा अपवाद सोडता सगळ्यांचं वजन थोडंफार परत वाढलेलं होतं, आणि त्यांचं शरीर नुसतं बसल्याजागी दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे दुष्काळ आला असं समजून शरीराने खर्च आवरला, आणि सहा वर्षांनीही तो आवरलेलाच ठेवला. लाखो वर्षं उपाशी राहून टिकलेलं हे शरीर आहे. घटलेलं वजन त्याला संकटच वाटतं.

हे वाचलं त्या रात्री मी रडले. आपण आळशी नाही, लोभी नाही, एवढं कुणी सांगायला इतकी वर्षं जावी लागली याचं ते रडणं होतं.

त्यानंतर मी वाचतच गेले. कळलं की भात-पाव सोडायचा हा नवा शोध दीडशे वर्षांहून जुना आहे. लंडनमध्ये विल्यम बॅंटिंग नावाचे गृहस्थ होते, अंत्यविधीची व्यवस्था करणं हा त्यांच्या घराण्याचा धंदा. ते इतके जाड होते की स्वतःच्या बुटाचे बंद बांधता येत नसत. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी पाव, साखर, बटाटे, बिअर सोडली, वर्षभरात वीसेक किलो उतरवले आणि १८६३ मध्ये त्यावर एक पुस्तिका काढली. ती इतकी खपली की इंग्रजीत बारीक होण्याच्या खटपटीला 'बॅंटिंग' म्हणू लागले. कीटोची गोष्ट आणखी वेगळी. हा आहार १९२१ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवला तो फेपऱ्यासाठी, मिरगीच्या झटक्यांसाठी. औषधांना दाद न देणारी मिरगी असलेल्या मुलांना तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. त्या मुलांच्या आयांना तो तराजूवर ग्रॅम-ग्रॅम मोजून करावा लागतो. तोच आहार माझ्या मोबाइलवर तक्ता होऊन आला, आणि त्यात देखरेख तेवढी नव्हती.

आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा सगळ्या पंथांची माणसं होती. एकजण दीक्षित डाएटवाले: दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही, डॉ. श्रीकांत जिचकारांचा मूळ विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवला तो. एकजण जीएमवर, चौथ्या दिवशी नुसती केळी आणि दूध. तिसरी सकाळी कोमट पाण्यात व्हिनेगर. मधल्या सुट्टीत वाद होत, कुणाचं खरं यावरून. मला आता वाटतं, त्या वादात सगळ्यांचं थोडं खरं होतं. भात-पाव सोडला की त्याबरोबर बिस्किटं, भजी, मिठाई आपोआप सुटते. दोनदाच जेवलं की संध्याकाळचा चहा-पाव सुटतो. प्रत्येक पंथ आपल्याला काहीतरी नाही म्हणायला कारण देतो, आणि एकूण पोटात कमी जातं. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ माणसांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एक कमी चरबीचा, दुसरा कमी पिष्टमय पदार्थांचा. २०१८ मध्ये निकाल आला: एका गटात सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्यात ६. फरक नाही म्हणावा इतका. पण एकेका गटाच्या आत बघितलं तर कुणाचे पंचवीस किलोंहून जास्त गेले होते आणि कुणाचं वजन उलट वाढलं होतं. त्याआधी २००५ मध्ये चार नामांकित डाएटांवर १६० जणांना ठेवून पाहिलं होतं, तिथेही डाएट कोणतं याने फारसं बिघडलं नाही. ज्याने धरून ठेवलं त्याचं उतरलं. आणि वर्षभर धरून ठेवणारे थोडेच होते.

हे सगळं मी वाचलं ते मात्र उशिरा. आधी मी आणखी एक डाएट केलं, आणि त्याची किंमत मी दिली नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी सोळा-आठ सुरू केलं. सोळा तास उपास, आठ तासांत काय ते खायचं. दुपारी बाराच्या आधी काही नाही. उपास आपल्याला नवा नाही, म्हणून हे मला घरचंच वाटलं. सुरुवातीला काटा हललाही. ऑगस्टमध्ये वहिनींशी फोनवर बोलताना मी तोंड भरून सांगितलं. त्या ऐकत होत्या, "असं? बारापर्यंत काहीच नाही?" एवढंच विचारलं. वहिनींना अकरा वर्षं मधुमेह. त्या सकाळी सातला ग्लिमेपिराइडची गोळी घेतात हे मला माहीत होतं. माहीत होतं, पण त्या क्षणी सुचलं नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर टांगायची माटोळी बांधायला बसलो होतो. भावोजी शिडीवर, पोरं खालून एकेक देत होती: आंबाडे, चिबूड, तोरिंगण, सुपाऱ्यांचा घोस, रानातून आणलेल्या घागऱ्या. वहिनी केवणीच्या दोऱ्या सोलून देत होत्या. साडेदहा वाजले असतील. मी दोरी घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी दोरी सोडलीच नाही. धरून बसल्या होत्या. कपाळावर घाम, वरच्या ओठावर घाम, बोटं थरथरत होती. मी म्हटलं, "वहिनी, द्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं, त्यांच्या वारलेल्या बहिणीचं.

पुतणीने धावत जाऊन ग्लुकोमीटर आणला. साखर ५२.

पाण्यात तीन चमचे साखर घालून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, पुन्हा पाजली. ७० च्या वर गेल्यावर पेज दिली. हळूहळू चेहरा जागेवर आला. शुद्ध होती म्हणून पाजता आलं; नसती तर तोंडात काही घालायचं नसतं, थेट गाडी काढायची असते. मी त्यांचा हात धरून बसले होते. तो इतका गार आणि ओला होता की माझ्या हातातून निसटत होता.

"सकाळी काही खाल्लं नव्हतं?"

"तू करतेस ना," त्या म्हणाल्या. "तुझं एवढं उतरलं. मला डॉक्टर कधीचं सांगतात वजन कमी करा म्हणून. आठ दिवस झाले."

संध्याकाळी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, न रागावता. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे तिला कळत नाही. गोळी घेऊन उपास केला की साखर खाली जातच राहते. इन्शुलिनची सुई घेणाऱ्यांचं तसंच. आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या चालू असताना कुणी कीटो केलं, तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. तेव्हा मीटरवरचा आकडा फारसा चढलेला दिसतही नाही, म्हणून लक्षात येत नाही. खाणं बदलायचं तर बदला, त्या म्हणाल्या, पण आधी गोळ्यांचं माझ्याशी बोला.

मला हे लिहिताना आजही बरं वाटत नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं: २६.४ टक्के. चार प्रौढांत एक. म्हणजे आमच्या कुठल्याही ओटीवर, कुठल्याही स्टाफरूममध्ये, कुठल्याही फॅमिली ग्रुपवर आपण आपल्या डाएटची फुशारकी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांत एक तरी गोळीवाला असतो. तो आपल्याला सांगत नाही. घरी जाऊन करून बघतो.

आणि त्यातले सगळे जाडही नसतात. भावोजींचंच बघा, काठीसारखे, तरी साखर. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, इंग्लंडच्या डॉ. जॉन यडकिन यांच्यासोबतचा, २००४ मध्ये छापलेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर यडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. आपल्या लोकांची चरबी पोटात, आतड्याभोवती, यकृतात दडते. काटा तिच्याबद्दल पुरतं सांगत नाही. मी दोन वर्षं ज्या काट्यापुढे देवासारखी उभी राहिले, त्याने मला कमरेचं माप घे असं कधी म्हटलं नाही.

त्या चवथीनंतर मी कुठलंही डाएट केलेलं नाही. सोपं नव्हतं ते. मध्ये एकदा पेजेचीच लाट आली होती, आमच्या गोव्याच्या ग्रुपांवर. पूर्वज पेज जेवत, म्हणून ते सडपातळ होते, पेजेकडे परत चला. मला पेज प्राणापलीकडे आवडते. सकाळी दहाची पेज, तोंडी लावायला करमलाचं लोणचं किंवा सुक्या सुंगटांची किसमूर, याच्यासारखं सुख नाही. पण हे मला पटेना. उकडा तांदूळ साळीसकट उकडतात त्यामुळे कोंड्यातली काही जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात हे खरं आहे, पॉलिश केलेल्या सुरय तांदळापेक्षा तो बराच. पण शेवटी तो भातच. माझी आजी दहाला पेज जेवायची ती सहापासून गुडघाभर चिखलात लावणी करून. पेजेनंतर पुन्हा चिखलात. ते शेत आता पडीक आहे. तिची पेज मी खुर्चीत बसून जेवले तर ती आजीचं काम माझ्यासाठी करणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला एक जुनी गोष्ट सांगितली होती, ती माझ्या कामाला आली. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा. निकाल २००२ चा. त्यांच्यातल्या एका गटापुढे ध्येय ठेवलं ते वजन सात टक्के कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं. वीस किलो नव्हे. सात टक्के. तीनेक वर्षांत त्या गटातलं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मी हिशेब केला. माझे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. इतकी वर्षं मी लग्नातल्या वजनाकडे परत जायला धडपडत होते, आणि शरीराला साडेपाच किलो पुरणार होते.

त्यासाठी मी जे करते त्यात सांगण्यासारखं काही नाही, त्याचा तक्ता होणार नाही. भात अर्धा झाला. तेवढी जागा तोंडाकाने, कडधान्याच्या रश्शाने घेतली, चवळी, वाल, अळसांदे. मासे तळायचे कमी झाले, हुमणात पडायचे वाढले. शाळेतून येताना एक स्टॉप आधी उतरते आणि बांधाच्या रस्त्याने चालत येते. पावसाळ्यात छत्री उलटी होते, तरी येते. पोदेर आला की एक पोळी घेते, म्हणजे कोंड्याचा पाव, आणि खाते. उपाशी राहत नाही, कारण आता मला माझी भूक कोण लावतं ते ठाऊक आहे. वर्षभरात वजन ८०.६ वरून ७६ वर आलंय. मध्ये तीन महिने काटा जागचा हलला नाही. गुडघा दुसऱ्या मजल्यावर अजून बोलतो, पण पहिल्यासारखा नाही.

वहिनींची गोळी बदलली आहे. सकाळी आठच्या आत काहीतरी पोटात गेलंच पाहिजे असा पुतणीचा हुकूम आहे.

या चवथीला मी आदल्या रात्रीच डिचोलीला गेले. पहाटे उठून स्वयंपाकघरात आले तर वहिनी चुलीपाशी पाटावर बसून ताटलीतली पेज जेवत होत्या. मलाही ताटली दिली. बाहेर माटोळीतल्या चिबडाचा वास घरभर सुटला होता. जेवून त्यांनी हात धुतला, डबा उघडला, करटी हातात घेतली आणि ओटीच्या दिशेने मान करून माणसं मोजायला लागल्या. माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"तुझी धरू?"

"अर्धी धरा."

त्यांनी करटी डब्यात बुडवली, भरून वर काढली, आणि तळहात आडवा धरून निम्मे तांदूळ हलकेच परत डब्यात सोडले.